चढावर घड्याळाकडे पाहू नका

सिहोरा रोडहून मुंबईला जाणारी गाडी जबलपूर, इटारसी, भुसावळ, नाशिक करत इगतपुरीला पोचते आणि तिथून थळ घाट उतरायला लागते. इगतपुरी ते कसारा या टप्प्यातला उतार सदतिसाला एक आहे. सदतीस मीटर पुढे गेलं की रूळ एक मीटर खाली. टक्क्यांत सांगायचं तर २.७. ऐकायला किरकोळ. पण परतीला हाच घाट चढायचा असतो तेव्हा कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. उतरतानाही गाडीला मोकळं सोडत नाहीत, वेगावर मर्यादा असते. चढावर जादा जोर लागतो आणि उतारावर तो सगळा परत मिळत नाही, कारण त्यातला बराचसा ब्रेकात जातो. डोंगराळ मार्गावर मॅरेथॉन पळणाऱ्याला हीच गोष्ट नीट समजून घ्यायची असते. आपल्याला बँकर मिळत नाही. जो जोर लावायचा तो आपल्याच टाकीतून.

मी राहतो तो सिहोऱ्याचा पट्टा सपाट. जबलपूर जिल्ह्यातल्या या गव्हाच्या मुलखाला हवेली म्हणतात. शेताला चारी बाजूंनी बांध घालायचे, पावसाचं पाणी त्यात अडवायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि ओलीवर गहू पेरायचा, अशी इथली जुनी रीत. शेतात पाणी उभं राहतं यावरूनच जमीन किती सपाट असेल याचा अंदाज करा. अशा जागी पळणाऱ्याला पेस सांभाळायची सवय आपोआप लागते. किलोमीटरला सहा मिनिटांनी सुरुवात केली की पंधराव्या किलोमीटरलाही सहाच. घड्याळ आणि पाय यांचं इतकं जमतं की आपण घड्याळालाच मेहनतीचं माप समजू लागतो. सपाटीवर ते खरंही असतं. घाटात मात्र ते माप चुकतं आणि चुकतंय हे लगेच कळत नाही.

हे मी साताऱ्यात शिकलो. सातारा हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून होते आहे. शहरातून निघून समर्थ मंदिर, बोगदा, मग यवतेश्वरचा घाट, वर कासच्या रस्त्यानं पुढे जाऊन वळसा आणि त्याच वाटेनं परत. म्हणजे जवळजवळ अर्धी शर्यत चढत जायची आणि अर्धी उतरत यायची. मी घड्याळावर सहाची पेस लावून घाटात शिरलो आणि हट्टानं सहा टिकवली. पहिले दोन किलोमीटर अभिमान वाटला. आजूबाजूचे मागे पडत होते. वर पोचेपर्यंत काहीच झालं नाही. शिक्षा परतीच्या उतारावर मिळाली. जिथं पाय सैल सोडून यायचं तिथं मांड्या लाकडासारख्या झाल्या आणि चढावर मागे टाकलेले बहुतेक सगळे माझ्या शेजारून उतरून गेले. एकवीस किलोमीटरमध्ये ही गत. पूर्ण मॅरेथॉनमध्ये अशी चूक विसाव्या किलोमीटरला केली तर पुढचे बावीस किलोमीटर ती फेडत बसावं लागतं.

आता हिशेब पाहू. अल्बर्टो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चढ-उतारावर धावायला किती ऊर्जा लागते याची मोजमापं प्रसिद्ध केली. त्यांच्या सूत्रावरून काढलं तर १ टक्का चढाला सपाटीपेक्षा साधारण साडेपाच टक्के जादा ऊर्जा लागते, थळ घाटाइतक्या २.७ टक्क्यांना पंधरा-सोळा टक्के, ५ टक्क्यांना तीस टक्के आणि १० टक्क्यांच्या चढाला तब्बल पासष्ट टक्क्यांच्या आसपास. उतारावर बचत होते, पण ती तेवढी नसते. ५ टक्के उतारावर कागदावर चोवीस टक्के वाचतात. प्रत्यक्षात बहुतेकांचे पाय त्याचा निम्मा फायदासुद्धा पचवू शकत नाहीत, कारण तेवढ्या वेगानं उतरायला मांड्या तयार नसतात.

सपाटीवर सहाची पेस असलेला माणूस घ्या. ५ टक्क्यांच्या चढावर त्यानं मेहनत तीच ठेवली तर त्याची पेस पावणेआठच्या थोडी पुढे, ७:४८ ला येते. हे वाचून धक्का बसतो, म्हणून उलट बाजूनंही बघा: त्याच चढावर त्यानं सहाची पेस धरून ठेवली, तर ती सपाटीवर ४:३७ नं पळण्याइतकी मेहनत होते. चार तास तेरा मिनिटांत मॅरेथॉन पुरी करू पाहणारा माणूस मध्येच दोन किलोमीटर सव्वातीन तासांच्या धावपटूच्या ताकदीनं पळतोय. घड्याळ म्हणतं सगळं ठीक आहे, सहाच्या सहा. शरीराची कथा निराळी असते.

त्या वेळी शरीरात काय होतं, तेही सांगतो. धावताना आपण दोन इंधनं मिसळून जाळतो, चरबी आणि ग्लायकोजेन म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर. चरबी अमाप असते, पण ती सावकाश जळते. ग्लायकोजेन स्नायू आणि यकृत मिळून साधारण पाचशे ग्रॅम, म्हणजे जवळपास दोन हजार कॅलरी. पासष्ट किलोच्या माणसाला ४२ किलोमीटरला साधारण सत्तावीसशे कॅलरी लागतात, कारण ढोबळ हिशेब किलोमागे किलोमीटरला एक कॅलरी असा आहे. ही तूट चरबी आणि वाटेतलं खाणं भरून काढतं, पण मेहनत बेतात असेल तोवरच. मेहनत वाढली की मिश्रणात साखरेचा वाटा झपाट्यानं वाढतो. चढावर दहा मिनिटं जास्त जोर लावला तर तेवढ्या दहा मिनिटांचाच खर्च होतो असं वाटतं, पण खर्च साठ्यातल्या त्या भागाचा होतो जो पस्तिसाव्या किलोमीटरसाठी राखलेला होता. उतारावर मेहनत कमी करून तो साठा परत भरत नाही. चढावरचा जादा खर्च आणि उतारावरची बचत यांची वजाबाकी शून्य येत नाही, ती इथं.

म्हणून मेहनत एकसारखी ठेवायची. पेस वर-खाली होऊ द्यायची. चढावर हळू, उतारावर थोडं जलद, आणि छातीचा भाता दोन्हीकडे एकाच लयीत.

वेळेचं काय, ही शंका सगळ्यांना येते. माझा ढोबळ हिशेब असा: सहाच्या पेसवाल्यानं मेहनत सारखी ठेवली आणि उतार समंजसपणे वापरला, तर दर शंभर मीटर एकूण चढामागे साधारण एक मिनिट जातं. मार्गात सगळा मिळून तीनशे मीटर चढ असेल आणि तेवढाच उतार, तर सपाटीवरच्या आपल्या वेळेत तीन-साडेतीन मिनिटं मिळवायची आणि तेच लक्ष्य धरायचं. कमी ताकदीचा माणूस असेल तर चार. ही तीन मिनिटं घाटाची पट्टी आहे, ती देऊनच पुढं जायचं. न देण्याचा हट्ट करणारे पुढे वीस-पंचवीस मिनिटं देतात. हे दरवर्षी दिसतं आणि दरवर्षी वाईट वाटतं, कारण ती माणसं सहा-सहा महिने पहाटे उठलेली असतात.

मेहनत मोजायची कशी? सगळ्यात भरवशाचं माप श्वासाचं. सपाटीवर मॅरेथॉनच्या मेहनतीत असताना किती पावलांत श्वास आत जातो आणि किती पावलांत बाहेर येतो ते सरावात मोजून ठेवा. बऱ्याच जणांचं तीन आत, दोन बाहेर असं काहीतरी येतं. चढावर ते दोन-दोनवर आलं तर चालेल. एक-एकवर आलं, म्हणजे दर पावलाला धाप, तर लगेच हात राखा. दुसरी पद्धत बोलण्याची. मी माझा पत्ता म्हणून बघतो: सिहोरा, जिल्हा जबलपूर, मध्य प्रदेश. एका श्वासात पुरा झाला तर मेहनत बेतात. जबलपूरपाशी तुटला तर जास्त. तुम्ही तुमच्या गावाचा पत्ता घ्या, पण सरावात आणि शर्यतीत तोच ठेवा, म्हणजे तुलना होते.

हार्ट रेट दाखवणारं घड्याळ उपयोगी आहे, पण त्याचा एक दोष ओळखून वापरा. चढ सुरू झाला की स्नायूंना लगेच जोर लागतो, पण ठोके तिथवर पोचायला मिनिटभर घेतात. चढाच्या पहिल्या मिनिटात आकडा कमी दिसतो आणि आपण फसतो; माथ्यावर पोचल्यावर तो जास्त दिसतो आणि आपण उगाच घाबरतो. शिवाय उन्हात आणि दमट हवेत तासा-दोन तासांनी तीच मेहनत असूनही ठोके वर चढत जातात. म्हणून पहिल्या पंचवीस किलोमीटरपर्यंत ठोक्यांचा आकडा कमाल मर्यादा म्हणून वापरायचा, त्यानंतर श्वासावर जास्त विसंबायचं. जीपीएसवरची तात्काळ पेस घाटात अजिबात पाहू नये. वळणांचा रस्ता, दरडीची भिंत, झाडं, आणि तो आकडा काही सेकंद मागचा. त्याच्यावर निर्णय घेण्यासारखं त्यात काही नसतं. शक्य असेल तर चढ लागायच्या आधी घड्याळाचा पडदा बदला, फक्त एकूण वेळ किंवा ठोके दिसतील असा ठेवा. मी मनगटावर रुमाल बांधतो.

चढायचं कसं याबद्दल फार काही सांगण्यासारखं नाही, पण जे आहे ते महत्त्वाचं आहे. पावलांची गती तीच ठेवा आणि पाऊल आखूड करा. सायकलवाला चढावर गिअर हलका करतो आणि पायडल त्याच तालात मारत राहतो, तसं. कंबरेत वाकू नका. वाकायचं तर घोट्यातून, अख्खं शरीर किंचित पुढे. नजर माथ्यावर ठेवली की चढ संपता संपत नाही, म्हणून ती चार-पाच मीटर पुढच्या रस्त्यावर ठेवा. घाटातल्या हेअरपिन वळणावर आतली कड सगळ्यात उभी असते. अंतर कमी म्हणून सगळे तिथंच घुसतात. चढताना वळणाच्या मधून जा, दोन-तीन मीटर जास्त पडतील पण श्वास तुटणार नाही.

आणि चालायला लाजू नका. उभ्या चढावर एका मर्यादेनंतर पळणं आणि झपाझप चालणं यांत वेगाचा फरक अगदी थोडा उरतो, मेहनतीचा मात्र मोठा असतो. सपाटीवर सात-साडेसातच्या पेसनं पळणाऱ्यांसाठी ही मर्यादा लवकर येते. दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स ही जवळपास नव्वद किलोमीटरची शर्यत १९२१ पासून होते आहे आणि महाराष्ट्रातून कितीतरी धावपटू तिथं जातात. डर्बनहून वर चढत जाण्याच्या वर्षी पॉली शॉर्ट्स नावाचा चढ शेवटच्या आठेक किलोमीटरवर येतो. तिथं चालणं ही हार मानली जात नाही, ती आधीपासून ठरवलेली असते: या खांबापासून त्या खांबापर्यंत पळायचं, पुढच्या खांबापर्यंत चालायचं. फरक ठरवण्यात आहे. दम संपल्यावर थांबणारा माणूस पुन्हा पळायला लागायला फार वेळ घेतो. दम असताना, ठरलेल्या जागी चालणारा माणूस ठरलेल्या जागी पुन्हा पळू लागतो.

आता माथा. मला विचाराल तर डोंगराळ शर्यत इथं बिघडते. चढ संपल्याचा आनंद होतो, रस्ता मोकळा दिसतो आणि माणूस गेलेली मिनिटं भरून काढायला लगेच सुटतो. त्या क्षणी ठोके वरच्या टोकाला असतात, पोटऱ्या भरलेल्या असतात, श्वास अजून उखडलेला. माथ्यानंतरचे दोनशे-तीनशे मीटर चढाचाच भाग समजा. तिथं वेग वाढवायचा नाही. श्वास दोन-दोनवरून तीन-दोनवर आपोआप येऊ द्यायचा, खांदे सैल सोडायचे, हात एकदा खाली झटकायचे. पत्ता एका श्वासात पुरा झाला की मग उताराला लागायचं. सातारच्या मार्गावर यवतेश्वर आल्यावर चढ संपला असं वाटतं आणि वरच्या रस्त्यावर पुन्हा चढ-उतार लागतात, तिथं ही शिस्त नसलेले फार जण दमतात.

उतार हा सगळ्यांना फुकटचा वाटतो. श्वासाच्या दृष्टीनं तो जवळजवळ तसा आहेही. पण उतरताना दर पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच आकसायचा प्रयत्न करतो, कारण त्याला शरीर थोपवायचं असतं. या प्रकारच्या कामानं स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. त्या वेळी ती जाणवत नाही. तासाभरानं मांडीतली ताकद कमी झालेली कळते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना तर चांगलीच कळते. घाट उतरणाऱ्या ट्रकवाल्याला विचारा. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, न्यूट्रल टाकून गाडी सोडायची नाही, हा त्यांचा धडा असतो. आपल्यासाठी त्याचा अर्थ: पाऊल लांब टाकायचं नाही, टाच पुढे रोवून ब्रेक मारायचा नाही, शरीर मागं झुकवायचं नाही. पाऊल आखूड आणि भराभर, पाय शरीराच्या बरोबर खाली पडेल असं. ५ टक्के उतारावर सहाच्या पेसवाल्यानं ५:२० च्या आत जाऊ नये असं मी सांगेन, श्वास कितीही मोकळा असला तरी. पहिल्या अर्ध्या शर्यतीत तर नक्कीच नाही. साताऱ्याची शर्यत पावसाळ्याच्या अखेरीस येते. रस्ता ओला असतो, धुकं असतं, तेव्हा आणखी जपून.

उतार आधी आणि चढ नंतर असेल तर काय होतं हे बोस्टन दाखवतं. त्या मार्गाचा शेवट सुरुवातीपेक्षा साधारण १४० मीटर खाली आहे. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणारा मार्ग आणि एवढी उतरंड, यामुळे तिथली वेळ जागतिक विक्रमासाठी धरतच नाहीत. तरी तो मार्ग कठीण समजला जातो. सुरुवातीचे किलोमीटर उताराचे, सगळे ताजेतवाने, वेळ वाचवल्याचं समाधान. मग न्यूटनचे चढ लागतात आणि त्यातला शेवटचा हार्टब्रेक हिल बत्तीस-तेहतीस किलोमीटरवर येतो. चढ काही प्रचंड नाही. पण तिथं पोचेपर्यंत मांड्या उतारानं आधीच कुटलेल्या असतात.

आपल्याकडे तसा चढ मुंबईत आहे. मुंबई मॅरेथॉनला डोंगराळ कोणी म्हणणार नाही. समुद्राच्या काठाकाठानं जाणारा मार्ग, त्यात पेडर रोड तेवढा. गेली अनेक वर्षं पूर्ण मॅरेथॉनवाले हा रस्ता दोनदा पार करत आले. जाताना अंधारात, पाय ताजे असताना, चढ आहे हे जाणवतसुद्धा नाही. परतताना हाजी अलीहून वळलं की समोर तोच चढ, साधारण पस्तिसाव्या किलोमीटरला, ऊन चढलेलं आणि हवा दमट. इथं थांबलेली, पोटऱ्या धरून दुभाजकावर बसलेली माणसं पाहिली की मनाला लागतं. त्यांना पेडर रोडनं पाडलेलं नसतं. पहाटेच्या गारव्यात सी लिंकवर पाय मोकळे सोडले, तिथंच ते पडले होते. मार्गात वर्षागणिक थोडे बदल होतात, तेव्हा त्या वर्षीचा नकाशा आणि उंचीचा आलेख पाहून ठेवा, पण शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये चढ कुठं आहे हे तोंडपाठ पाहिजे.

पेडर रोडला उंची फार नाही. अडीच-तीन टक्क्यांच्या एका किलोमीटरच्या चढावर सहाचा माणूस ७:०० नं चढला तर एक मिनिट जातं. पुढं केम्प्स कॉर्नरकडे उतरताना त्यातले तीस-चाळीस सेकंद परत येतात. हे माहीत असेल तर चढाच्या पायथ्याशी माणूस शांत राहतो. पेसरच्या घोळक्यासोबत पळत असाल तर आधीच विचारून घ्या की चढावर ते पेस सोडणार की धरणार. काही पेसर घड्याळाला चिकटून राहतात. तेव्हा चढावर त्यांना पुढे जाऊ द्या आणि सपाटीवर तीन-चार किलोमीटरमध्ये सावकाश गाठा. त्यांना चढावरच गाठायचं नाही.

खाण्यापिण्याचा एक मुद्दा चढाशी थेट जोडलेला आहे. चढावर पोटाकडे जाणारं रक्त कमी होतं आणि धापेत गिळणंही जमत नाही. म्हणून जेल, खजूर, चिक्की, जे तुमच्या पोटाला मानवतं ते चढाच्या दहा-पंधरा मिनिटं आधी सपाटीवर घ्या. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं हे साधारण प्रमाण. पाणी तहानेप्रमाणे. भीतीनं घटाघटा पाणी प्यायल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

राहिला प्रश्न सपाट गावात राहून चढाची तयारी करण्याचा. महामार्गावरच्या बहुतेक गावांजवळ रेल्वेवरून जाणारा एखादा पूल असतो. त्याचा चढ तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे पेडर रोडची तालीम होण्याइतका. आठवड्यातून एकदा तिथं आठ-दहा फेऱ्या मारा, वर आणि खाली, न थांबता. वेगानं नव्हे. सपाटीवरून पुलावर चढताना आणि उतरताना श्वासाची लय बदलू द्यायची नाही, एवढंच काम. वेळ नोंदवा पण घरी येऊन बघा. महिन्याभरात कळतं की त्याच श्वासात वर जायला आता दहा-पंधरा सेकंद कमी लागतात. पहाटे अंधारात जायचं तर समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं आणि चमकणारी पट्टी घालून. आमच्या ३० क्रमांकाच्या महामार्गावर रात्रभर ट्रक असतात, तिथं हे सोडून चालत नाही.

महिन्यातून एकदा खऱ्या डोंगरावर जा. आमच्याकडे कटंगीपासून कैमूरची रांग सुरू होते, जबलपूरला मदन महालची टेकडी आहे. तुमच्या जिल्ह्यातही काही ना काही असेल. तिथं मुख्य सराव उतरण्याचा करायचा. मघाशी सांगितलेली बारीक इजा एकदा झाली आणि भरून आली की तोच स्नायू पुढचे काही आठवडे तशा कामाला बराच टिकतो, हे पक्कं माहीत झालेलं आहे. तेव्हा शर्यतीच्या साधारण पाच आठवडे आधी एकदा आणि अडीच-तीन आठवडे आधी एकदा, चार-पाच किलोमीटर उतार सलग पळा. त्यानंतर नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत उतार पळाल तर सुजलेल्या मांड्या घेऊन शर्यतीला जाल. ट्रेडमिलवर चढ लावता येतो, उतार बहुतेक यंत्रांवर लावता येत नाही, त्यामुळे ती अर्धीच तयारी. डोंगर अगदीच लांब असेल तर आखाड्यातल्या बैठका काढा, पण खाली जाताना मनात पाच मोजत सावकाश जा आणि वर झटकन या. हाच तो थोपवणारा जोर.

लाँग रनमध्ये एक बदल करा. पंचवीस-तीस किलोमीटरच्या पळण्यात पूल शेवटच्या पाच किलोमीटरमध्ये येईल असा मार्ग आखा. ताज्या पायांनी चढलेला पूल आणि अठ्ठावीस किलोमीटरनंतर चढलेला पूल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची ओळख शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा होऊ नये.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते आणि त्या दिवसांत आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी असते, पारा दहाच्या आसपास, हवा कोरडी. मुंबईत त्याच पहाटे त्याहून सात-आठ अंश जास्त आणि हवेत ओल. सिहोऱ्यात जी मेहनत सहाच्या पेसला लागते ती तिथं सहा दहाला लागेल असं धरूनच जा. मी शेवटच्या तीन आठवड्यांत दोन-तीनदा दुपारी अकरा-बाराला, अंगात एक जादा सदरा घालून पळतो. पेस पडते, पडू देतो. श्वासाला त्या उकाड्याची ओळख होते. विदर्भ-मराठवाड्यातून मुंबईला येणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

शर्यतीच्या आदल्या रात्री एका कागदाच्या पट्टीवर चढ लिहून काढा: कुठल्या किलोमीटरला सुरू, कुठं संपतो, त्या आधी काय खायचं. पेस लिहू नका. पट्टी बिबच्या मागे टाचा किंवा मनगटाला बांधा. शर्यतीत पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मेहनत जरा कमीच वाटली पाहिजे. पुढचे वीस बेताची. शेवटच्या चढाच्या माथ्यावरून श्वास जाग्यावर आला आणि पुढं फक्त सपाटी आहे हे कळलं, तिथून मग राखलेलं काही असेल ते वापरा. मुंबईत ते ठिकाण चौपाटीला येतं, मरीन ड्राइव्हच्या सुरुवातीला.

आणि परतीचं तिकीट काढताना खालचा बर्थ मागून घ्या. दुसऱ्या दिवशी वरच्या बर्थवर चढता येईल, उतरता येणार नाही.